चालत्या सर्व्हिसची लॉग लेव्हल बदलू द्या

तरमणीच्या टायडल पार्कपासून सिरुसेरीच्या सिपकॉटपर्यंत, चेन्नईच्या ओएमआर रस्त्यावरच्या कचेऱ्यांत एखादी सर्व्हिस अडकली की पहिला हुकूम ठरलेला असतो: रीस्टार्ट करा. लॉगमध्ये कारण दिसत नसेल तर दुसरा हुकूम येतो: कॉन्फिगमध्ये डीबग लावा आणि रीस्टार्ट करा. चालत्या प्रोसेसची लॉग लेव्हल ती बंद न करताही बदलता येते, हे माहीत असलेले पुष्कळ जण आहेत. तसं करू नये असं ठामपणे मानणारेही कमी नाहीत. हे मत आता नुसती सवय राहिलेलं नाही, त्याला तत्त्वाचं अधिष्ठान दिलं जातं. चालत्या प्रोसेसला हात लावणं हा जुन्या जमान्याचा अशिस्तपणा आहे, असं नव्या इंजिनिअरांना शिकवलं जातं. हे मत चुकीचं आहे, आणि त्याची किंमत रात्रपाळीला बसलेली माणसं मोजतात.

मुद्दा समजायला थोडी पार्श्वभूमी लागेल. पडद्यामागे दिवसरात्र चालणारा प्रोग्राम, म्हणजे युनिक्सवाल्यांच्या भाषेत डीमन, आपल्या कामाची नोंद लिहीत असतो. ती किती बारकाईनं लिहायची हे एका आकड्यावर ठरतं. १९८०च्या दशकात बर्कलीला एरिक ऑलमन यांनी सेंडमेलच्या कामातून सिसलॉग उभं केलं आणि त्यातून आठ पायऱ्या रूढ झाल्या. शून्य म्हणजे यंत्रणाच वापरण्याजोगी उरलेली नाही, सात म्हणजे डीबग. प्रत्येक नोंद छापण्याआधी तिची पायरी त्या आकड्याशी ताडली जाते. आकडा मेमरीत असतो आणि तो बदलण्यासाठी प्रोसेस मारण्याची कसलीही तांत्रिक गरज नसते. फक्त प्रोग्राम लिहिणाऱ्यानं तिथवर पोहोचायला बाहेरून एक वाट ठेवलेली असावी लागते.

विरोधकांची बाजू पोकळ नाही, म्हणून ती नीट मांडायला हवी. हेरोकूच्या ॲडम विगिन्स यांनी २०११च्या सुमारास ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर’ या नावानं बारा सूत्रं मांडली. त्यातलं तिसरं सूत्र सांगतं की कॉन्फिग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. कुबरनेटीस आल्यावर हे सूत्र घराघरात पोहोचलं. लॉग लेव्हलही त्याच डब्यात जाऊन पडली, खरं तर सूत्रकारांनी तसा काही आग्रह धरलेला नव्हता. आता एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची गंमत अशी, की एकदा प्रोसेस सुरू झाली की ते बाहेरून बदलण्याचा सरळ मार्ग ऑपरेटिंग सिस्टिम देत नाही. म्हणजे लेव्हल बदलायची तर पॉड, म्हणजे कुबरनेटीसमधली सर्व्हिसची चालती प्रत, नवा उभा करायचा. त्यात वाईट काय, असं विरोधक विचारतात. रीस्टार्टला काही सेकंद लागतात. उलट चालत्या प्रोसेसमध्ये लेव्हल बदलली तर गिटमध्ये एक आणि मेमरीत दुसरंच, अशी तफावत राहते. शिवाय डीबग लॉगमध्ये पासवर्ड आणि ग्राहकांची माहिती सांडते, आणि लेव्हल बदलण्याची ही वाट हल्लेखोरालाही सापडू शकते.

यातला पहिलाच मुद्दा, रीस्टार्ट स्वस्त असल्याचा, सर्वांत जास्त पटतो. सर्वांत जास्त नुकसानही तोच करतो.

अडकलेल्या प्रोसेसकडे जे असतं ते नव्या प्रोसेसकडे नसतं. कोणत्या थ्रेडनं कोणतं कुलूप धरून ठेवलंय, कनेक्शन पूलमधली किती कनेक्शनं मेलेली आहेत, कॅशेत कोणती शिळी किंमत बसली आहे, आठवडाभर हळूहळू गळणारी मेमरी कुठे साठली आहे, हे सगळं त्याच मेमरीत असतं आणि रीस्टार्टबरोबर पुसलं जातं. नवा पॉड धुतल्या तांदळासारखा येतो, डीबग लेव्हलवर भरभरून लिहितो, आणि त्या लिहिण्यात कामाचं काहीच नसतं, कारण बिघाड जुन्या पॉडबरोबर गेलेला असतो. तिकिटावर ‘रीस्टार्टनंतर सुरळीत, कारण सापडलं नाही’ असा शेरा पडतो. काही दिवसांनी तेच तिकीट पुन्हा उघडतं.

जिम ग्रे यांनी १९८५ साली टँडेम कंपनीत असताना संगणक का बंद पडतात यावर प्रसिद्ध अहवाल लिहिला. प्रत्यक्ष वापरात गेलेल्या सॉफ्टवेअरमधले बरेचसे दोष क्षणिक असतात, पुन्हा प्रयत्न केला की दिसेनासे होतात, असं त्यांनी त्यात मांडलं आणि अशा दोषांना ‘हायझेनबग’ म्हटलं. रीस्टार्टवाले याच अहवालाचा आधार घेतात. पण ग्रे यांचा युक्तिवाद सेवा चालू ठेवण्याबद्दलचा होता. रीस्टार्टनं सेवा परत येते, हे कुणीच नाकारत नाही. जो दोष रीस्टार्टनं नाहीसा होतो, त्याचा तपास मात्र रीस्टार्ट करून होत नाही. ग्रे यांच्या मांडणीतून निघतो तो हाच अर्थ, आणि तो चालत्या प्रोसेसकडून माहिती काढण्याच्या बाजूनं जातो.

चालत्या यंत्रणेची नोंद वाढवायला घाबरलं की काय होतं, याचं एक भीषण उदाहरण सरकारी कागदोपत्री आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धहरानला इराकी स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं. २८ सैनिक ठार झाले. तिथली पॅट्रियट यंत्रणा ते अडवू शकली नाही. कारण सॉफ्टवेअरमध्ये होतं. यंत्रणा वेळ दशांश सेकंदांत मोजत असे आणि २४ बिटांच्या रजिस्टरमध्ये एक दशांश हा अंक पूर्ण मावत नाही, शेवटी थोडा छाटला जातो. एका मोजणीत ही चूक नगण्य. पण ती यंत्रणा तेव्हा १०० तासांहून अधिक काळ सलग चालू होती आणि साठत गेलेली चूक सुमारे ०.३४ सेकंदांवर गेली होती. तेवढ्यात येणारं क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापतं. रडारनं चुकीच्या जागी पाहिलं आणि तिथे काही नव्हतं.

या प्रकरणाचा अमेरिकेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं १९९२ मध्ये अहवाल दिला. त्यातली एक बाब या वादात निर्णायक आहे. पॅट्रियटमध्ये अंगभूत नोंदयंत्र नव्हतं, बाहेरून जोडायचा रेकॉर्डर उपलब्ध होता. सौदीतल्या अमेरिकी सेनाधिकाऱ्यांनी तो जोडला नाही, कारण त्यामुळे यंत्रणा अचानक बंद पडेल अशी त्यांना धास्ती होती. इस्रायलींनी मात्र जोडला. त्यांच्या नोंदींतूनच ११ फेब्रुवारीला कळलं की सलग आठ तास चालल्यावर यंत्रणेचा नेम वीस टक्के सरकतो. अमेरिकेतून तळांवर संदेश गेला की फार काळ सलग चालवू नका. फार काळ म्हणजे किती, हे त्यात नव्हतं. दुरुस्त सॉफ्टवेअर धहरानला पोहोचलं २६ तारखेला, घटनेच्या दुसऱ्या दिवशी.

रीस्टार्टवाले म्हणतील, वेळेवर रीस्टार्ट केलं असतं तर २८ जण वाचले असते. खरं आहे. पण केव्हा रीस्टार्ट करायचं हे कळण्यासाठीसुद्धा कुणीतरी चालत्या यंत्रणेची नोंद घ्यावी लागली, आणि ती घेणाऱ्यांनाच दोष सापडला.

काळाबरोबर साठणारे दोष हा दुर्मीळ प्रकार नाही. बोईंग ७८७च्या वीजनिर्मितीच्या नियंत्रकांत असाच दोष निघाला. सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर आतला गणक भरून वाहतो आणि नियंत्रक सुरक्षित स्थितीत जाऊन पुरवठा थांबवतात. अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनानं २०१५ मध्ये त्यावर आदेश काढला. विंडोज ९५ साधारण ४९.७ दिवसांनी गोठत असे, तिथेही कारण गणकाचंच होतं. लिनक्स कर्नलच्या मंडळींनी या जातीच्या दोषांवर एक शहाणी युक्ती केली. वेळेचा गणक ते शून्यापासून सुरू करत नाहीत, मुद्दाम अशा आकड्यापासून करतात की ३२ बिटांत मोजल्यास तो मशीन सुरू झाल्यावर पाच मिनिटांतच उलटावा. लपलेला दोष लवकर उघडा पडावा हा हेतू. पण जिथे अशी दूरदृष्टी दाखवलेली नाही, तिथे २४७ दिवस चाललेली प्रोसेस डीबगसाठी रीस्टार्ट करणं म्हणजे दोष दिसण्याची तारीख आणखी २४७ दिवस पुढे ढकलणं.

चालत्या यंत्रणेची नोंद तिथल्या तिथे वाढवावी, ही गोष्ट चेन्नईकरांना पाण्याच्या उदाहरणावरून लगेच पटेल. चेंबरम्बाक्कम तलावाची पूर्ण पातळी २४ फूट, साठा ३,६४५ दशलक्ष घनफूट. एरवी शहराच्या तलावांचे आकडे दिवसातून एकदा प्रसिद्ध झाले तरी भागतं. पूर चढला की मोजणी तासातासाला करावी लागते, आणि त्यासाठी कुणी तलाव रिकामा करून पुन्हा भरत नाही. १ डिसेंबर २०१५ रोजी तिथून २९,००० क्युसेकपर्यंत पाणी सोडलं गेलं आणि अड्यार नदीनं शहरात हाहाकार माजवला. पुढे महालेखापरीक्षकांच्या अहवालापर्यंत जो वाद गेला, तो केव्हा किती पाणी आलं आणि केव्हा किती सोडलं या नोंदींवरच लढला गेला.

सर्व्हिसचंही तसंच आहे. एरवी ‘इन्फो’ पुरतं, संकटात तिथल्या तिथे बारीक नोंद लागते. ही सोय जगातल्या बहुतेक गंभीर सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि याच कचेऱ्यांत रोज वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येही. रेडिसला ‘कॉन्फिग सेट’नं लॉग लेव्हल सांगता येते. पोस्टग्रेसमध्ये सेटिंग बदलून ‘पीजी रीलोड कॉन्फ’ हे फंक्शन चालवलं की ती लागू होते, एकही कनेक्शन तुटत नाही. बाइंड या नामसर्व्हरला ‘आरएनडीसी’च्या एका हुकमानं येणारा प्रत्येक प्रश्न नोंदवायला लावता येतो. सांबासाठी ‘एसएमबीकंट्रोल’ आहे, एन्व्हॉयला ॲडमिन पत्त्यावर एक विनंती पुरते, स्प्रिंग बूटमध्ये ॲक्च्युएटरचा लॉगर्स विभाग आहे. सिस्टिमडी तर २०२० पासून ‘सर्व्हिस-लॉग-लेव्हल’ हा सर्वांसाठी एकच हुकूम देतो, अर्थात ज्या सर्व्हिसनं ती वाट आत लिहून ठेवली आहे तिच्यापुरता. इतक्या वेगवेगळ्या लोकांनी स्वतंत्रपणे तीच सोय बांधली असेल, तर तिला अशिस्त म्हणण्याआधी विचार करायला हवा.

विरोधकांचा आणखी एक आक्षेप सिग्नलबद्दलचा आहे, आणि तो मात्र रास्त आहे. जुन्या पद्धतीत ‘किल’नं यूएसआर१ हा सिग्नल पाठवून लेव्हल वाढवत. पण यूएसआर१चा अर्थ प्रत्येक प्रोग्राम आपापला ठरवतो. जुना बाइंड त्यावर डीबग एक पायरी वाढवायचा, एनजिनएक्स लॉगच्या फाइली नव्यानं उघडतो, अपाची सौम्य रीस्टार्ट घेतो, डीएनएसमास्क आकडेवारी ओततो. आणि ज्या प्रोग्रामनं हा सिग्नल हाताळलेलाच नाही, तो जागेवर मरतो, कारण ठरलेला परिणाम तोच आहे. रात्री तीन वाजता चुकीच्या प्रोसेसला सिग्नल दिला तर नोंद वाढवायला गेलेला माणूस सर्व्हिस पाडून बसतो. तर मग सिग्नलऐवजी नाव आणि अधिकार तपासणारा कंट्रोल सॉकेट द्या. सिग्नलच ठेवायचा असेल तर हँडलरमध्ये फक्त एक खूण उभी करा आणि खरा बदल मुख्य लूपमध्ये करा, कारण हँडलरच्या आत लॉग छापणंही धोक्याचं असतं. सोय धड बांधली नाही म्हणून सोयच नको, हा निष्कर्ष यातून निघत नाही.

गिटमध्ये एक आणि मेमरीत दुसरं, या तफावतीचा बाऊ करणाऱ्यांनी एकदा नेटवर्कवाल्यांना भेटावं. सिस्कोच्या राउटरवर ‘रनिंग’ आणि ‘स्टार्टअप’ अशी दोन कॉन्फिग शेजारी शेजारी नांदतात, आणि कित्येक वर्षं त्यांनी जगाचं इंटरनेट चालवलं आहे. तफावत दिसते तोवर ती त्रास देत नाही, त्रास देते ती लपलेली तफावत. रेडिसमध्ये ‘कॉन्फिग गेट’ आणि पोस्टग्रेसमध्ये ‘शो’ आहे, चालत्या प्रोसेसला थेट विचारता येतं की आत्ता तुझी लेव्हल काय आहे. राउटर शिकणारी पोरं पहिल्या महिन्यातच ‘डीबग ऑल’ची दहशत शिकतात: गर्दीच्या राउटरवर ते लावलं तर सीपीयू गुदमरतो आणि ‘अनडीबग ऑल’ टाइप करायलाही सवड मिळत नाही. म्हणून त्यांना एकाच इंटरफेसवर, एकाच पत्त्यासाठी डीबग लावायला शिकवतात. सर्व्हरच्या जगातही हेच करता येतं. एनजिनएक्स तसा बांधलेला असेल तर फक्त एका पत्त्यावरून येणाऱ्या कनेक्शनपुरता डीबग लावतो. पोस्टग्रेस एका युजरपुरती सेटिंग घेतो. लिनक्स कर्नलमध्ये एका फाइलमधली एकच ओळ बोलती करता येते, बाकीच्या हजारो ओळी गप्प राहतात आणि गप्प असताना त्यांचा भार जवळपास शून्य असतो.

माहिती सांडण्याचा मुद्दा गंभीर आहे आणि त्यावर टाळाटाळ नको. ३ मे २०१८ रोजी ट्विटरनं ३३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायला सांगितलं, कारण हॅश होण्याआधीच ते आतल्या लॉगमध्ये लिहिले जात होते. फेसबुकनं २०१९ मध्ये कोट्यवधी पासवर्डांबाबत अशीच कबुली दिली आणि आयर्लंडच्या नियामकानं २०२४ मध्ये त्यासाठी ९.१ कोटी युरोंचा दंड ठोठावला. पण या दोन्ही ठिकाणी कुणी रात्री लेव्हल वाढवून हे पासवर्ड सांडले नव्हते. लिहिणारी ओळच चुकीची होती, आणि ती रोजच्या चालण्यात लिहीत होती. पासवर्ड कोणत्याच लेव्हलवर छापला जाता कामा नये. ‘डीबग तर प्रॉडक्शनमध्ये बंदच असतं’ या भरवशावर लिहिलेली ओळ रीस्टार्ट करून डीबग लावलं तरी तितकीच सांडणार. लॉगफोरजे या लॉग लायब्ररीचं डिसेंबर २०२१चं प्रकरणही या वादात ओढलं जातं. त्याचा लेव्हल बदलण्याशी संबंध नव्हता, नोंदीतला मजकूर आज्ञा समजून पाळला जात होता हे त्याचं मूळ. ॲक्च्युएटरचे पत्ते इंटरनेटवर उघडे टाकणं हा निष्काळजीपणा आहेच. तो दरवाजा आतल्या जाळ्यात ठेवणं आणि त्यावर ओळख तपासणं हे सर्व्हिस उभारणाऱ्याचं काम आहे.

मग काही जण दुसऱ्या टोकाला जातात. लेव्हल बदलायची कटकटच नको, कायम डीबग ठेवा, डिस्क स्वस्त आहे. भारतात हा सल्ला विशेष महाग पडतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार यंत्रणांचे लॉग १८० दिवस सांभाळावे लागतात. इन्फोवर रोज एक गिगाबाइट लिहिणारी सर्व्हिस धरली तर सहा महिन्यांत १८० गिगाबाइट होतात. डीबगवर ती वीसपट बोलते असं मानलं तर हिशेब ३,६०० गिगाबाइटवर जातो, आणि हा फक्त एका सर्व्हिसचा. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा गरजेपेक्षा जास्त वैयक्तिक माहिती साठवू नका म्हणतो, कायम डीबग त्याच्या उलट दिशेला जातो. शिवाय हे लॉग वाचणार कोण? लॉग गोळा करून चाळणारं सॉफ्टवेअर याच शहरात तयार होऊन जगभर विकलं जातं, झोहोचं इव्हेंटलॉग ॲनालायझर त्यातलंच. पण चाळणारं साधन कितीही चांगलं असलं, तरी जी ओळ लिहिलीच गेली नाही ती त्याला सापडत नाही, आणि कोटीभर निरुपयोगी ओळींत कामाची ओळ शोधायला वेळ लागतोच.

लेव्हल वाढवणाऱ्यानं एका सापळ्याचं भान ठेवायला हवं. सिस्टिमडीचा जर्नल एका सर्व्हिसकडून दर ३० सेकंदांत सुमारे १०,००० नोंदींहून जास्त घेत नाही, मर्यादा बदललेली नसेल तर. डीबग लावल्यावर सर्व्हिस त्यापुढे गेली की जर्नल उरलेल्या नोंदी टाकून देतो आणि ‘इतक्या नोंदी दाबल्या’ एवढीच ओळ लिहितो. घाईत ही ओळ नजरेतून सुटते, आणि ज्या नोंदीसाठी खटाटोप केला तीच दाबलेल्यांत असू शकते. म्हणूनही एका भागापुरती लेव्हल वाढवणं सगळ्या सर्व्हिसची वाढवण्यापेक्षा बरं.

चांगली बांधलेली सोय कशी दिसते, हे अवघड नाही. लेव्हल एका मॉड्यूलपुरती वाढते. वाढवताना मुदत द्यावी लागते, पंधरा मिनिटं म्हणा, आणि मुदत संपली की ती आपोआप मूळ जागी येते. कुणी, केव्हा, कितीवरून किती केली याची नोंद लॉगमध्येच पडते, आणि ती अशा पायरीवर की कधीच दाबली जात नाही. शांत दिवशी ही वाट महिन्यातून एकदा वापरून पाहिली जाते, म्हणजे संकटात ती गंजलेली निघत नाही. दोन दिवसांत होणारं हे काम आहे. तरी ते होत नाही, कारण ग्राहकाशी झालेल्या करारात सेवा किती मिनिटांत परत आली एवढंच मोजलं जातं. रीस्टार्ट त्या आकड्याला भावतो. तेच तिकीट वर्षात किती वेळा परत आलं, हा आकडा करारात आणला तर चित्र बदलेल, आणि आणायला काही अडचण नाही.

तोवर ओएमआरवर रात्रपाळीला बसलेल्या मुलीकडे अधिकार असतो तो एकाच बटणाचा, रीस्टार्टच्या. लेव्हल वाढवायची तर बदलाची विनंती भरा, मंजुरी घ्या, बिल्ड लावा, आणि तेवढ्यात क्लायंटचा तिसरा फोन येतो. जी कृती पुरावा पुसते तिला परवानगी लागत नाही आणि जी पुरावा मिळवते तिला तीन सह्या लागतात, हा क्रम उलटा करायला हवा. लेव्हल वाढवण्याचा अधिकार मुदतीसह तिच्या हाती द्यावा. रीस्टार्टआधी निदान पाच मिनिटं डीबग आणि एक थ्रेड डंप घेतल्याची नोंद तिकिटावर सक्तीची करावी, सेवा पूर्ण ठप्प असेल तेवढा अपवाद सोडून.